जबडा नव्हे, जंबो

गेल्या दिवाळीत आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, अशी खबर उठली की लहानू थूल मेलेल्या माणसांचे दात घरी आणतात आणि त्यांना चाकं लावतात.

खबर उठवली शकुंतलाबाईंनी. त्या थूलांकडे लोणच्याची बरणी परत करायला गेल्या होत्या. दार लोटलेलं, आतून कोणी ओ देईना, म्हणून त्यांनी खिडकीतून डोकावलं. टेबलावर दातांची ओळ मांडलेली. शेजारी हिरडीच्या रंगाचं काहीतरी लांबट, वीतभर, आणि त्याच्याखाली चाकं. बरणी पायरीवर ठेवून बाई ज्या निघाल्या त्या थेट किराण्याच्या दुकानात.

"माय वो, जबड्याले चाकं लावले त्यानं! मी ह्या डोयानं पायलं! मेलेल्याचाच असन थो. जित्ता मानूस आपला जबडा कोनाले देईन?"

"जबड्याले" म्हणताना शकुंतलाबाई स्वतःचा जबडा इतका खाली सोडतात की शब्द संपल्यावर तो उचलून घ्यायला त्यांना अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदासाठी हा प्रसंग मी कॉलेजात निदान अकरा वेळा करून दाखवला आहे.

आता खरं काय ते. लहानूकाका वर्ध्यातल्या एका दातांच्या लॅबमध्ये तीस वर्षांपासून कवळ्या बनवतात आणि उरलेलं काम घरी आणतात. दात कारखान्यात तयार होतात आणि मेणाच्या पट्टीवर चिकटून डबीत येतात. हिरडी बनते एका गुलाबी पावडरीची, जिच्यात नाकात झोंबणारं पाणी मिसळून काकांनी आजवर अर्ध्या जिल्ह्याला जेवतं ठेवलं आहे. मेलेल्यांशी या धंद्याचा संबंध इतकाच की कवळी घालणारे बहुतेक लोक त्यांच्या रांगेत थोडे पुढे उभे असतात. आणि ती चाकं लावलेली गुलाबी वस्तू जबडा नव्हती. ते डिझेल इंजिन होतं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाचं.

ही अफवा काकांना सांगायला मीच गेले. मला वाटलं, हसतील. काकांनी चष्मा काढला, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला. त्यांना राग आला की आवाज चढत नाही, खाली उतरतो, आणि एकेक शब्द ते दात बसवल्यासारखा अंतर मोजून ठेवतात.

"जबडा म्हनते थे?"

"हो काका. आणि मेलेल्यांचे..."

"मेलेल्याचे दात म्हन, चोर म्हन, मले फरक नाई पडत. पन जबडा? याच्या खिडक्या नाई दिसल्या तिले? येवढ्या मोठ्या खिडक्या आहेत! जंबो आहे हे, जंबो!"

आतून अन्नपूर्णाकाकूंचा आवाज आला. "आता पाच वर्षं शकुंतलेचं लोनचं नाई मिळत आपल्याले."

जंबो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पुन्हा एकदा उभ्याउभ्या पाऊण तास ऐकावं लागलं. तुम्हाला थोडक्यात सांगते. आपल्याकडे डब्ल्यूडीएम-२ नावाचं डिझेल इंजिन होतं. ते हजारोंनी बनलं, सगळ्यांनी पाहिलं, खेळण्यातही सगळीकडे मिळतं. पण एकोणऐंशीच्या आसपास त्यातली थोडीशी इंजिनं वेगळी निघाली. नाकाची बाजू पूर्ण रुंद आणि ड्रायव्हरसमोरच्या खिडक्या मोठ्या. रेल्वेवाल्यांनी त्यांना जंबो म्हटलं. मग ती बनायची बंद झाली, आणि त्यांचं मॉडेल कोणी केलं नाही. छोट्या रेल्वेचा छंद करणाऱ्यांच्या बाजारात वीस कंपन्या वीस रंगांत तीच तीच चार इंजिनं विकतात. जंबो नाही.

काकांचं बालपण पुलगावचं. आई कापसाच्या गिरणीत. आठ वर्षांचे असताना आईचा डबा देऊन ते स्टेशनाच्या बाजूने येत होते आणि एका मालगाडीला जंबो लागलेलं होतं, नवंकोरं. "मले ड्रायवर छातीपर्यंत दिसला, पोट्टे. बाकीच्या इंजिनात खाली नाक येते, वर डोकं दिसते. याच्यात आख्खा मानूस. त्यानं डबा उघडला, थे पन दिसलं. भाकर होती." दुसऱ्या दिवशी शाळेत चित्रकलेचा तास. विषय आगगाडी. काकांनी खिडक्या मोठ्या काढल्या, आत भाकर खाणारा माणूस काढला. हरिदास गुरुजींनी लाल पेन्सिलीने दोन्ही खिडक्यांवर फुल्या मारल्या आणि खाली लिहिलं, "हे बसचे तोंड आहे." दहापैकी दोन.

पोराने महिनाभर तो कागद खिशात ठेवून स्टेशनावर फेऱ्या घातल्या. एकदा गुरुजी स्वतःच गाडीसाठी फलाटावर उभे दिसले. पोराने त्यांचा हात धरला, "गुरुजी, थांबा ना, येते आत्ता थे इंजिन." आलं ते साधंच. गुरुजींनी फलाटावर, हमालांसमोर, एक ठेवून दिली.

"दोन मार्क दिले त्याचं काई नाई," काका म्हणतात. "पन जे होतं थे नव्हतं म्हनला. डोयानं पायलेलं नव्हतं म्हनला."

मी विचारलं, "काका, पंचेचाळीस वर्षं झाली. अजून राग?"

"तुह्या तोंडात कवळी बसवतो अन् म्हनतो तुले दातच नव्हते कधी. मंग पंचेचाळीस वर्षानं इचारजो मले."

आता दुसऱ्या माणसाकडे येते. पुण्याची एक कंपनी आहे, नाव मिनीरूळ. ती मॉडेल बनवते आणि तिचा चारशे लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मालकाचं नाव नीलेश, वय पस्तीस-छत्तीस, आणि त्याला टाइप करण्यापेक्षा बोललेलं आवडतं. त्याचे व्हॉइस मेसेज काका पूर्ण आवाजात लावतात, भिंत एकच, म्हणून नीलेश मला तोंडपाठ आहे. प्रत्येक वाक्याआधी "बघा ना काका". मग नाकातून एक छोटं हसू, फुगा सोडल्यासारखं. मग "पॅशन आहे हो तुमची, मला खूप आदर आहे". मग "पण शेवटी ना", आणि तिथे एक श्वास. त्या श्वासानंतर जे येतं ते नेहमी एकच असतं: मार्केट.

एकदा मी कंपाउंडच्या भिंतीआडून नुसतं "बघा ना काका" म्हटलं. काका आंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, "आला काय मेसेज?" मी दिसल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकूंना मात्र माझ्याकडून तो आवाज पुन्हा दोनदा ऐकायचा होता.

दर जानेवारीत नीलेश ग्रुपवर विचारतो, पुढचं इंजिन कोणतं काढू. चार पर्याय देतो, लोक बोटं उठवतात. काका पर्यायांना हात लावत नाहीत. खाली एक शब्द लिहितात: जंबो. सहा वर्षं. सहा वर्षांत त्या शब्दाला कोणी साधा अंगठाही दाखवला नाही.

आणि मग सातव्या वर्षी नीलेशने जाहीर केलं की जंबो काढतोय.

त्या दिवशी लॅबमध्ये गोरसपाक, वर्ध्याची ती तुपातली बिस्किटं, वाटला गेला. लेआउटमध्येही वाटला, शकुंतलाबाईंनाही दिला, तोवर त्यांच्याशी बोलणं होतं. काका रस्त्याने जाताना हसत होते, म्हणजे त्यांचा कायमचा मास्क नाकाच्या बाजूने वर सरकला होता, त्यावरून ओळखायचं. सप्टेंबरमध्ये पार्सल आलं. मला बोलावणं आलं. टेबलावर पंचा अंथरलेला. काकांनी मेण कोरायच्या सुरीने टेप कापली, खोका उघडला, इंजिन दोन बोटांनी उचललं आणि उजेडाकडे धरलं.

एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. 

मग त्यांनी अंगठ्याचं नख खिडकीच्या कोपऱ्याखाली घातलं. खिडकी सोलली गेली. तिच्याखाली दुसरी खिडकी होती, लहान, नेहमीची.

"स्टिकर," काका म्हणाले. "पोट्टे, स्टिकर आहे हे. साध्याच इंजिनाले मोठी खिडकी चिपकवली त्यानं."

"वापस धाडा," काकू म्हणाल्या.

"वापस धाडून थो दुसऱ्याले विकन. मंग थो दुसरा समजन का जंबो असाच असते. याचा कोनी लहान पोरगा असन तं थो पन समजन. नाई, नाई. हे आता या घरातून बाहीर जात नाई." त्यांनी ते खोक्यात घातलं, खोका धान्याच्या कोठीमागे ढकलला, आणि फोन उचलला.

त्यांनी ग्रुपवर टाकलेला तो व्हॉइस मेसेज चार मिनिटं दहा सेकंदांचा होता. मी तो वारंवार ऐकला आहे, कारण असा राग नाटकातही ऐकायला मिळत नाही. एकही शिवी नाही. "नीलेशभाऊ, तुमी झूठ बोलले. तुमी खिडकी नाई बनवली, तुमी खिडकीचं चित्र बनवलं. मी कवळी बनवतो. उद्या मी पेशंटच्या हिरडीवर दाताचं चित्र चिपकवून देऊ काय? आन सांगू काय त्याले, चाव?"  दहा मिनिटांनी ग्रुपवर कोणीतरी इंग्रजीतून लिहिलं, काका, चिल.

"चील?" काकांनी चष्मा वर केला. "चील काऊन म्हनते थो मले?"

"घार म्हनते तुमाले," काकू म्हणाल्या. "बरोबरच आहे. कधीचे घिरट्या घालून राह्यले."

संध्याकाळी नीलेशचं उत्तर आलं. बघा ना काका. फुगा. पॅशन आहे तुमची. "पण शेवटी ना, नवा साचा करायचा तर मला आधी कोणीतरी बरोब्बर नमुना द्यायला पाहिजे. तुमच्याकडे आहे का? असेल तर डिसेंबरमध्ये नागपूरला प्रदर्शन आहे आमचं, घेऊन या. बरोबर असला तर आम्ही तोच काढू. प्रॉमिस."

मी म्हटलं, "काका, हा तुम्हाला कटवतोय."

"माहीत आहे मले," काका म्हणाले. "पन प्रॉमिस म्हनला थो. चारशे लोकायसमोर म्हनला." आणि तिथून ते कामाला लागले. बरोबर नमुना नेला तर जंबो निघणार होतं, प्रत्येक दुकानात, खऱ्या खिडक्यांचं. नाही नेला तर स्टिकरवालं इंजिनच या जगात जंबो म्हणून राहणार होतं.

कवळी बनवण्याची जी रीत, तीच इंजिनाची. आधी मेणात कोरायचं. ते मेण प्लास्टरमध्ये गाडायचं, गरम पाण्याने मेण वितळवून काढायचं, राहिलेल्या पोकळीत गुलाबी पावडरीचा लगदा दाबून भरायचा, आणि पातेल्यात उकळायचं. लॅबमध्ये घरचं काम करायचं नाही हा काकांचा स्वतःचा नियम, म्हणून पातेलं काकूंचं. "माह्या भाताच्या पातेल्यात इंजिन शिजून राह्यलं," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "झाकन उघडून पाय, दोन उकळ्या आल्या असतीन."

पहिलं इंजिन बाहेर आलं तेव्हा मी समोर होते. प्लास्टर फोडलं, आत गुलाबी डबा, खिडक्या उघड्या, मागच्या भागाच्या जाळ्या, कडा, खिळ्यांची टोकं, सगळं. मला वाटलं, झालं. काकांनी ते हातात घेतलं, घासायच्या चाकापाशी बसले आणि माझ्याशी काहीतरी बोलत बोलत घासू लागले. अर्ध्या तासाने थांबले आणि खाली पाहिलं. हातात साबणाची वडी होती. कडा नाहीत. खिळे नाहीत. सगळं गोल, मऊ, चमकदार.

त्यांनी ते भिंतीवर फेकलं.

झालं असं होतं की कवळी कुठेही टोचली तर पेशंट दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो. म्हणून शेवटी अंगठ्याचं पोट सगळीकडून फिरवायचं आणि जिथे जरा लागेल तिथे घासायचं, जोवर काहीच लागत नाही तोवर. तीस वर्षं काकांचा अंगठा हे एकच शिकला होता. त्याला विचारावं लागत नसे. इंजिनाला मात्र टोचायलाच पाहिजे. खिडकीची चौकट बोटाला लागली नाही तर ती चौकटच नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी ठरवून, डोळे वटारून काम केलं. तरी अंगठा गेलाच. तिसऱ्या वेळीही. "थांब बे!" असं मी भिंतीपलीकडून ऐकलं. वाटलं, कोणा पोरावर ओरडले. ते अंगठ्यावर ओरडत होते.

"इंजिन कोनाच्या तोंडात घालाचं आहे काय?" काकूंनी विचारलं. तेव्हा काका उठले, जुन्या धोतराची चिंधी फाडली आणि उजव्या अंगठ्याला जाड गुंडाळून गाठ मारली. दोन महिने ती चिंधी तशीच. लॅबमध्ये लोक विचारायचे, लागलं काय? काका म्हणायचे, "लागलं नाई. आवरून धरला आहे."

चौथं इंजिन नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झालं. मी त्याच्या नाकावरून बोट फिरवलं तर बोटाला ओरखडा आला. काकांचा मास्क नाकाच्या बाजूने वर सरकला.

मी म्हटलं, "आता रंग लावा."

"रंग नाई लावत."

"काऊन?" मलाही त्यांचंच बोलणं यायला लागलं होतं.

"रंग लावला का चूक झाकली जाते. त्याच्यापुढे नागडं ठेवतो. पाय म्हनतो. कुठी चुकलो सांग म्हनतो."

म्हणून डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघं वर्ध्याहून नागपूरच्या पॅसेंजरमध्ये बसलो. काका, काकू आणि मी. मी घरी सांगितलं की प्रदर्शन शैक्षणिक आहे. खरं म्हणजे मला नीलेशचा आवाज प्रत्यक्ष ऐकायचा होता, त्याचा तो फुगा कोणत्या नाकपुडीतून सुटतो ते पाहायचं होतं. काकांच्या मांडीवर कवळ्यांचा पुठ्ठ्याचा डबा, आत कापसात गुलाबी जंबो.

सेलू गेल्यावर काका म्हणाले, "पोट्टे, शर्यत लावतं?"

"कशावर?"

"नीलेश हे हातात घेईन. वजन पायन. उलटं करून चाकं पायन. गुलाबी आहे म्हनून हासन. पन खिडकीतून आत पायनार नाई. खाली ठेवेपर्यंत पायनार नाई."

मी हसले. "काका, अख्खं भांडण खिडकीचं आहे. चार मिनिटांचा मेसेज खिडकीचा होता. तो माणूस आधी खिडकीच पाहील. मी त्याला सात वर्षं ऐकतेय, मला तो पाठ आहे."

"मंग लाव ना."

"हरले तर?"

काकूंनी खिडकीबाहेरून तोंड आत वळवलं. "हरली तं नागपूर ते वर्धा तोंडातून एक शब्द काढायचा नाई. ना तुहा, ना दुसऱ्याचा."

"आणि मी जिंकले तर?"

"तं मी नीलेशची माफी मागतो," काका म्हणाले. "ग्रुपवर."

मी लगेच हात पुढे केला. अशी माफी रेकॉर्ड करायला मिळणं म्हणजे काय, हे ज्यांना नकला येतात त्यांनाच कळेल.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. टेबलांवर रूळ, बोगदे, कापसाचा धूर, आणि चार तीच तीच इंजिनं गोल गोल फिरत होती. नीलेश मेसेजपेक्षा उंच निघाला. फुगा दोन्ही नाकपुड्यांतून सुटत होता. "बघा ना काका, आलात! मला खूप आदर आहे." काकांनी डबा उघडला. कापूस बाजूला केला. आसपासचे पाच-सात जण वाकले, आणि कोणीतरी "बापरे" म्हटलं.

नीलेशने जंबो हातात घेतलं. वर-खाली करून वजन पाहिलं. माझं लक्ष त्याच्या डोळ्यांवर. त्याने ते उलटं केलं आणि चाकं बोटाने फिरवली. मग सरळ केलं, आता पाहील म्हणून मी पुढे वाकले, तर तो हसला.

"हे गुलाबी का आहे हो काका?"

"कवळीचं सामान आहे."

"म्हणजे... दातांचं?" त्याचा चेहरा असा उजळला की मला खरंच वाटलं, झालं, जिंकलो. "काका, हे वेड आहे! अरे, कॅमेरा आण रे इकडे. काका, तुम्ही हातात धरा, आणि म्हणा, मी कवळीचं इंजिन बनवलं. एकदम व्हायरल. आणि बघा ना, हेच काढू आपण! गुलाबीच! लिमिटेड एडिशन, सोबत छोटीशी दातांची डबी. साचा आमच्याकडे आहेच."

"कोनता साचा?" काका म्हणाले. आवाज उतरला होता.

"आपला नेहमीचा हो. त्यालाच गुलाबी रंग. खिडक्यांचं काय, स्टिकर आहेतच आपले. तुमचा पीस चांगलाय, पण शेवटी ना," आणि तिथे तो श्वास आला, "खिडकीला मार्केट नाहीये." एवढं बोलून त्याने जंबो टेबलावर ठेवलं आणि कॅमेऱ्यासाठी केस नीट केले.

मी सात वर्षं तो आवाज ऐकला होता. त्या क्षणी मला तो काढून दाखवायची इच्छा झाली नाही. त्याच्या नाकावर काहीतरी मारायची झाली.

काकांनी जंबो उचललं, कापसात ठेवलं. "नीलेशभाऊ, तुमी म्हनले होते, बरोबर असला तं काढतो. बरोबर आहे का नाई?"

"अहो बरोबरच असणार की! तुमची पॅशन..."

"बरोबर आहे का नाई, थे पायलं काय?"

"काका, चिल ना."

काकांनी डब्याला रबर लावलं. एक रबर, मग त्यावर दुसरं आडवं. "तुमच्या त्या इंजिनावर जंबो लिहू नका," ते म्हणाले. "गुलाबी रंगवा, हिरवं रंगवा, दात लावा, शेपूट लावा. पन जंबो लिहू नका. लिहिलं तं मी दर प्रदर्शनात येईन, आन लोकायसमोर नखानं तुमच्या खिडक्या सोलून दाखवीन. माहा अंगठा आता मोकळा आहे." त्यांनी खरंच अंगठा वर केला. नीलेश त्याकडे पाहून हसला. त्याला वाटलं, काकांनी होकार दिला. कॅमेरावाल्या पोराने तेवढंच टिपलं, आणि ते आजही त्यांच्या पेजवर आहे: हसरा नीलेश, कवळ्यांचा डबा, काकांचा अंगठा. खाली लिहिलंय, आमच्या परिवारातले काका.

दुपारच्या गाडीत बसलो. मी तोंड उघडलं तर काकूंनी बोट ओठांवर ठेवलं. मी शर्यत हरले होते, आणि नागपूर ते वर्धा हे फलाटापासूनच सुरू होत होतं.

अजनी गेलं. मग काका जे सुरू झाले ते थांबले नाहीत. नीलेशवर रागावले, ग्रुपवर रागावले, चारशे लोकांच्या चारशे डोळ्यांच्या जोड्यांवर रागावले. मध्येच त्यांनी नीलेशची नक्कल केली, "बगा ना काका", आणि ती इतकी वाईट होती, फुगा चुकीच्या जागी, श्वास नाहीच, की मला बसल्याजागी घाम फुटला. दुरुस्त करता येईना. काकू खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

बुटीबोरी गेल्यावर काकांचा आवाज एकदम खाली आला.

"सगळ्यात राग मले कायचा येते, माहीत आहे? माह्यावाल्यात चूक आहे."

मी मान वर केली.

"हाओ. एका खिडकीत चूक आहे. चौथं इंजिन बनवताना झाली, नंतर दिसली मले. केसाएवढी आहे. म्हटलं, राहू दे. थो कंपनीवाला मानूस आहे, जगभराचे इंजिन पायते, थो पायताच म्हनन, काका, इथी चुकलात. मंग मी म्हनतो, शाब्बास. मंग मी त्याले आख्खं इंजिन देऊन टाकतो, फुकट. चूक पकडन तोच खरा, अशी मी मनात गाठ बांधून आलतो." त्यांनी डब्याची रबरं काढली. "अन् त्यानं पायलंच नाई. बरोबर असनार म्हनला. बरोबर नाई आहे थे! मले माहीत आहे ना!"

डबा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः डोळे मिटून घेतले. अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत.

मी जंबो कापसातून काढलं. उजेडाकडे धरलं. समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, एका डोळ्याने आतून आरपार पाहिलं. चौकटी नखाने चाचपल्या. सिंदी गेलं, सेलू गेलं. कोणती खिडकी, एवढंच विचारायचं होतं मला. दोन शब्द. काकू माझ्याकडे पाहत होत्या, बोट तयार ठेवून. सेवाग्राम आलं तरी मला ती चूक सापडली नव्हती, आणि वर्धा यायला अजून काही मिनिटं होती.